भांड्यावरचा पांढरा थर आणि पाण्यातील न दिसणारा दोष
वैशाली नगर, भिलाई येथील कुटुंबांसाठी पिण्याच्या पाण्याविषयी माहिती

ज्या घरांत बोअरवेलचे पाणी वापरले जाते, तेथील गृहिणींना पाण्याचा जडपणा समजावून सांगावा लागत नाही. चहाच्या पातेल्याच्या कडेला पांढरी रेघ उमटते, नळाच्या तोटीवर खरपुडी धरते, साबण कितीही घासला तरी फेस येत नाही आणि तुरीची डाळ चार शिट्ट्यांनंतरही बोटाला लागते. गीझर तापताना आतून खडखड आवाज येऊ लागला, म्हणजे त्याच्या कांडीवर क्षाराचे कवच चढले आहे असे समजावे.

दवाखान्यात काम करताना प्रस्तुत लेखिकेला पाण्याविषयी सर्वाधिक विचारला गेलेला प्रश्न एकच होता : “सिस्टर, आमचं पाणी फार खारं आहे. मुतखडा तर होणार नाही ना?” प्रश्न विचारणाऱ्या मातेच्या कडेवरचे मूल मात्र पुष्कळदा जुलाबासाठी आणलेले असे. जुलाबाचा पाण्याशी काही संबंध असेल, असे त्या मातेच्या मनात आलेले नसे. कारण घरचे पाणी दिसायला स्वच्छ होते. पांढरा थर डोळ्यांना दिसतो म्हणून त्याची धास्ती वाटते. जो दोष दिसत नाही, त्याची चौकशी मूल आजारी पडल्यावर होते. या पत्रकात दोन्हींचा विचार केला आहे. त्यांतला पहिला दोष त्रासदायक आहे. दुसरा जिवावर बेतू शकतो.

जडपणा कोठून येतो

पावसाचे पाणी मुळात मृदू असते. जमिनीत मुरताना मातीतील कार्बन डायऑक्साइड वायू त्यात विरघळतो आणि ते किंचित आम्लधर्मी होते. असे पाणी चुनखडकाच्या भेगांतून वर्षानुवर्षे झिरपत राहिले, की कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार त्यात उतरतात. हे क्षार अधिक असलेल्या पाण्यास शालेय पुस्तकांत दुष्फेन पाणी म्हटले जाते, कारण त्यात साबणाचा फेस नीट होत नाही. बोलीत आपण त्यास जड किंवा खारे पाणी म्हणतो. चवीने खारट लागणारे पाणी आणि जड पाणी या काटेकोरपणे पाहिल्यास दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण पुष्कळ बोअरवेलमध्ये त्या एकत्र आढळतात.

दुर्ग-भिलाईचा परिसर छत्तीसगढ खोऱ्याच्या अतिप्राचीन चुनखडक, डोलोमाइट व शेल या खडकांवर वसलेला आहे. भिलाई पोलाद कारखान्याला झोतभट्टीसाठी लागणारा चुनखडक जवळच्या नंदिनी खाणीतून काढला गेला. जामुलचा सिमेंट कारखानाही याच दगडाच्या आधाराने उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तेव्हापासून ज्या दगडाने या शहराला रोजगार दिला, त्याच दगडाने येथील भूजलाला जडपणा दिला आहे. तेव्हा बोअरवेलचे पाणी जड लागले, तर कोणी त्यात काही मिसळले असा संशय घेण्याचे कारण नाही.

नदीचे पाणी निराळे असते. महानगरपालिकेचे नळाचे पाणी शिवनाथ नदीतून उचलून शुद्धीकरण केंद्रातून येते. कारखान्याच्या वसाहतीची व्यवस्था स्वतंत्र असून तिचे पाणी तांदुळा धरणाकडून मरोदा जलाशयात येते. पावसावर भरणाऱ्या नदी-जलाशयांचे पाणी खडकात फार काळ राहिलेले नसते, म्हणून ते साधारणतः बोअरवेलच्या पाण्यापेक्षा मृदू असते. वैशाली नगरसारख्या वस्तीत एकाच घरात महापालिकेचा नळ आणि बोअरवेल असे दोन्ही असणे नवलाचे नाही. अशा घरांत अनेकदा दोन्ही पाणी गच्चीवरच्या एकाच टाकीत सोडले जाते आणि मग स्वयंपाकघरातल्या नळाला नेमके कोणते पाणी येते, हे घरच्या कोणालाच सांगता येत नाही. पाण्याविषयी काहीही ठरवण्यापूर्वी ही माहिती करून घ्यावी. शक्य असल्यास पिण्याचे व स्वयंपाकाचे पाणी महापालिकेच्या नळावरून थेट भरावे आणि टाकीतील मिश्र पाणी धुण्या-पुसण्यासाठी ठेवावे.

किती जड म्हणजे फार जड

भारतीय मानक ब्युरोच्या पिण्याच्या पाण्याविषयीच्या आय.एस. १०५०० : २०१२ या मानकानुसार एकूण कठीणपणा प्रतिलिटर २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत उपलब्ध नसेल, तर ६०० मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी चालू शकते. विरघळलेल्या सर्व घन पदार्थांची, म्हणजे ज्यास टी.डी.एस. म्हणतात त्यांची, स्वीकारार्ह मर्यादा ५०० आणि अन्य स्रोताअभावी २००० मिलिग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पाण्याच्या कठीणपणासाठी आरोग्याच्या कारणावरून कोणतीही कमाल मर्यादा घातलेली नाही. चव, साबणाची नासाडी आणि नळावर बसणारा थर हीच मर्यादेमागची मुख्य कारणे आहेत.

घरच्या घरी अंदाज घेण्याची पद्धत सोपी आहे. दोन सारख्या पारदर्शक बाटल्या घ्याव्यात. एकीत जमा करून ठेवलेले पावसाचे स्वच्छ पाणी किंवा औषधाच्या दुकानात मिळणारे ऊर्ध्वपातित पाणी आणि दुसरीत आपल्या नळाचे पाणी, दोन्हीकडे अर्धी-अर्धी बाटली भरावी. साध्या धुण्याच्या साबणाचा चुरा दोन्हींत चिमूटभर टाकून बाटल्या हलवाव्यात. पहिल्या बाटलीत दाट फेस टिकून राहील. दुसरीत फेसाऐवजी पाण्यावर दह्यासारखी साय जमली, तर पाणी जड आहे. या प्रयोगास कपडे धुण्याची पावडर घेऊ नये. तिच्यात जड पाण्यातही फेस यावा यासाठीची द्रव्ये असतात, त्यामुळे फरक कळत नाही.

शरीराला काय होते

प्रतिलिटर ३०० मिलिग्रॅम कठीणपणाच्या पाण्यातील सर्व कठीणपणा कॅल्शियममुळे आहे असे धरले, तर त्या एका लिटरात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. दिवसाकाठी असे दोन लिटर पाणी प्यायले, तर साधारण पेलाभर दुधाइतके कॅल्शियम पोटात गेले. बाळंतिणीला आणि वाढत्या मुलाला दूध-नाचणी खायला सांगायची आणि तेच द्रव्य पाण्यात दिसले की घाबरून जायचे, हे सुसंगत नाही.

मुतखड्याचा प्रश्न याहून थोडा गुंतागुंतीचा आहे. मूत्रपिंडात होणारे बहुसंख्य खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. त्यामुळे पाण्यातील कॅल्शियमनेच खडा होतो, असा समज रूढ झाला. आहारातील कॅल्शियम मात्र आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते आणि ते मलावाटे बाहेर टाकले जाते. जड पाणी पिणाऱ्या सर्वसाधारण लोकांत मुतखडे ठळकपणे अधिक होतात, असे अभ्यासांतून सिद्ध झालेले नाही. खड्याचे खात्रीचे कारण आहे कमी पाणी पिणे. मे महिन्यात येथील पारा ४४-४५ अंशांवर जातो. अशा दिवसांत भट्टीजवळ, रस्त्यावर किंवा शेतात काम करणारा माणूस घामावाटे लिटरांनी पाणी गमावतो आणि त्याची लघवी गडद पिवळी होते. खडा धरण्यास हीच स्थिती पोषक असते. “पाणी जड आहे” म्हणून जो मोजून-मापून पाणी पितो, तो खड्याचा धोका स्वतःच वाढवून घेतो. लघवीचा रंग फिकट राहील इतके पाणी प्यावे. ज्यांना पूर्वी खडा झाला आहे, त्यांना दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी घेण्याचा सल्ला दिला जातो. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या रुग्णांनी मात्र पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

पाण्यात सल्फेट अधिक असल्यास नव्याने राहायला आलेल्या माणसाला काही दिवस पोट ढिले होण्याचा त्रास होतो. जड पाण्यात साबणाची साय त्वचेवर व केसांत राहून कोरडेपणा, खाज जाणवते. साबण कमी वापरणे, शेवटी एक तांब्या मृदू पाणी अंगावर घेणे आणि ओल्या अंगावर खोबरेल लावणे एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. मुलांच्या इसबावर पाणी मृदू करणारे यंत्र बसवून उपयोग होतो का, याची चाचणी इंग्लंडमध्ये घेण्यात आली होती. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक लाभ दिसला नाही.

डाळ शिजत नाही, यामागे कॅल्शियम हेच कारण आहे. ते डाळीच्या सालीतील व पेशींतील पेक्टिनला घट्ट करते. डाळ मृदू पाण्यात रात्रभर भिजवून त्याच पाण्यात शिजवावी. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकल्याने डाळ लवकर गळते हे खरे, पण त्याने ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते व सोडियम वाढते. म्हणून रोज सोडा टाकण्याची सवय लावू नये.

जड पाणी उकळल्यावर पातेल्यात पांढरे कण तरंगताना दिसतात. तो चुना आहे. पाणी निवू द्यावे, कण तळाशी बसले की वरचे पाणी हलक्या हाताने ओतून घ्यावे. उकळल्याने अशा रीतीने जडपणाचा काही भाग निघून जातो. सल्फेट व क्लोराइडमुळे आलेला जडपणा मात्र उकळूनही राहतो. भांड्यावरचा थर काढण्यासाठी लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घालून पाणी तासभर ठेवावे. व्हिनेगर किंवा अन्य आम्ल आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

पाणी मृदू करणारी जी यंत्रे मिठावर चालतात, ती कॅल्शियम काढून त्याच्या जागी सोडियम सोडतात. कठीणपणा १०० मिलिग्रॅमने घटला, की प्रतिलिटर सुमारे ४६ मिलिग्रॅम सोडियम वाढते. म्हणून अशा यंत्राचे पाणी गीझर व कपडे धुण्याच्या यंत्रास द्यावे. पिण्यासाठी, विशेषतः रक्तदाबाच्या रुग्णांसाठी व तान्ह्या मुलांसाठी, ते वापरू नये.

दारावर येणारा प्रयोग

उन्हाळ्याच्या तोंडाशी पाणी शुद्ध करण्याची यंत्रे विकणारे घरोघर फिरतात. त्यांच्याकडे एक छोटे विजेचे उपकरण असते; त्याच्या काड्या दोन पेल्यांत बुडवल्या जातात. एका पेल्यात आपल्या नळाचे पाणी, दुसऱ्यात त्यांच्या यंत्राचे. मिनिटभरात नळाचे पाणी तपकिरी, गढूळ, ओंगळ होते आणि यंत्राचे पाणी जवळपास तसेच राहते. घरातली वडीलधारी माणसे हे पाहून हादरतात, आणि हप्त्यांवर यंत्र घेतले जाते.

हा प्रयोग म्हणजे शाळेत शिकवले जाणारे विद्युत अपघटन होय. त्या काड्यांपैकी एक जोडी लोखंडाची असते. पाण्यात क्षार असल्यास वीज वाहते, लोखंड झिजते आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. पेल्यात दिसणारी घाण काडीतून आलेली असते. क्षार काढून टाकलेल्या पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसते. त्याच यंत्राच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून प्रयोग पुन्हा करायला सांगावे. तेही तपकिरी होईल.

टी.डी.एस. मोजणाऱ्या पेनासारख्या उपकरणाचीही गोष्ट अशीच. ते पाण्याची वीजवाहकता मोजून क्षारांचा अंदाज देते. जंतू त्याला कळत नाहीत. गटाराचे पाणी झिरपलेल्या नळावर ते १८० असा समाधानकारक आकडा दाखवू शकते, आणि निर्दोष बोअरवेलवर ६५०. केवळ या आकड्यावरून पाणी सुरक्षित आहे की नाही हे ठरवणे, म्हणजे रुग्णाची उंची मोजून ताप सांगण्यासारखे आहे.

आर.ओ. यंत्र निरुपयोगी आहे असे मात्र कोणी समजू नये. बोअरवेलचे पाणी खरोखर फार खारे असेल, किंवा तपासणीत फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक आढळले असेल आणि दुसरा स्रोत नसेल, तर ते उपयोगी पडते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मे २०१९ मध्ये टी.डी.एस. ५०० पेक्षा कमी असलेल्या ठिकाणी आर.ओ. यंत्रांच्या वापरास मनाई करण्याचे निर्देश पर्यावरण मंत्रालयास दिले होते. त्यामागे पाण्याची नासाडी आणि उपयुक्त क्षार निघून जाणे ही कारणे होती. घरगुती यंत्र एका लिटर पाण्यामागे सहसा दोन-तीन लिटर पाणी वाया घालवते. शुद्ध केलेल्या नदीच्या पाण्यावर ते बसवण्याची गरज सहसा नसते. आणि ज्याची जाळी वेळच्या वेळी बदलली नाही, असे यंत्र स्वतःच जंतूंचे आगर बनते. जारमधून विकत मिळणारे पाणी ‘आर.ओ.चे’ आहे एवढ्यानेही निश्चिंत होऊ नये. पुण्यात २०२५ च्या आरंभी गुइलेन-बॅरे आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा बाधित भागातील अनेक खासगी पाणीविक्री केंद्रांवर महापालिकेला कारवाई करावी लागली होती.

स्वच्छ दिसणारे पाणी

१९५५ च्या डिसेंबरात आणि १९५६ च्या जानेवारीत दिल्लीत काविळीची प्रचंड साथ आली. पुरानंतर यमुनेच्या प्रवाहाची दिशा पालटली होती आणि नजफगढ नाल्याचे सांडपाणी वझिराबाद येथील पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोहोचले होते. जलशुद्धीकरण केंद्राने क्लोरीनचे प्रमाण वाढवले. त्यामुळे विषमज्वर, हगवण आटोक्यात राहिले, पण विषाणू पार झाले. सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. पुढे कित्येक वर्षांनी, साठवून ठेवलेल्या रक्तनमुन्यांच्या अभ्यासातून ती साथ आज ज्यास हेपेटायटिस-ई म्हणतात त्या आजाराची असल्याचे मानले गेले. नळाला येणारे पाणी त्या दिवसांतही दिल्लीकरांनी पाणी म्हणूनच प्यायले होते. महाराष्ट्रात इचलकरंजीला २०१२ साली काविळीच्या साथीने बळी घेतले, तेही दूषित पाण्यामुळेच. हा आजार गरोदर स्त्रीला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, फार घातक ठरतो : अशा रुग्णांत मृत्यूचे प्रमाण शंभरात वीस ते पंचवीसपर्यंत जाऊ शकते.

शुद्धीकरण केंद्रातून चांगले निघालेले पाणी वाटेत कसे बिघडते, हे समजून घेणे आवश्यक आहे. आपल्याकडे नळ चोवीस तास चालत नाही. पाणी सुरू असते तेव्हा नळवाहिनीत दाब असतो आणि चीर पडली तरी पाणी बाहेर येते. पाणी बंद झाले की दाब नाहीसा होतो. वाहिनी जर नालीतून किंवा नालीशेजारून गेलेली असेल, तर त्याच चिरेतून बाहेरचे सांडपाणी आत शिरते. दुसऱ्या दिवशी नळ सुरू होताच हे पाणी सर्वप्रथम घरात येते. नळाला थेट मोटर लावून पाणी ओढणाऱ्या घरांमुळे हा धोका संपूर्ण गल्लीसाठी वाढतो, कारण मोटरच्या ओढीने वाहिनीतील दाब उणे होतो आणि बाहेरची घाण आत खेचली जाते. शेजाऱ्याशी वाद नको म्हणून या विषयावर कोणी बोलत नाही. बोलावे. आपल्या मोटरने खेचलेली घाण आपल्याच घरात पहिली येते, हे सांगितले तर बहुतेकांना पटते.

नळ आल्यावर पहिली काही मिनिटे येणारे पाणी पिण्यासाठी भरू नये. ते झाडांना, फरशीला वापरावे. पाण्याला क्लोरीनचा हलका वास येत असेल, तर ते चांगले लक्षण आहे. मानकानुसार ग्राहकाच्या नळाशी प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळे क्लोरीन शिल्लक असावे. वास आवडत नसल्यास पाणी स्वच्छ, झाकलेल्या भांड्यात काही तास ठेवावे, तो कमी होतो. नेहमी येणारा वास अचानक नाहीसा झाला, पाण्याला कुबट वास आला, रंग बदलला किंवा शेजारच्या दोन-तीन घरांत एकाच वेळी जुलाब सुरू झाले, तर वाट पाहत बसू नये. त्याच दिवसापासून पाणी उकळावे आणि महानगरपालिकेस व जवळच्या आरोग्य केंद्रास कळवावे.

पाणी खळखळून उकळू लागल्यावर एक मिनिट तसेच ठेवले तरी रोगकारक जंतू व विषाणू मरतात. वीस मिनिटे उकळण्याचा जुना सल्ला गॅस जाळतो, आणि महिनाअखेरीस गॅस संपत आला की उकळणेच बंद पडते. म्हणून तो देण्याचे आता कारण नाही. गढूळ पाणी आधी चौपदरी स्वच्छ कापडातून गाळावे. तुरटीने गाळ बसतो, जंतू पूर्णपणे नष्ट होत नाहीत. क्लोरीनच्या गोळ्या वेष्टनावरील प्रमाणानुसार टाकून अर्धा तास थांबावे. उकळण्याने फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक जात नाहीत. उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण किंचित वाढते.

उकळलेले पाणी नंतर हाताने दूषित होणे हा प्रकार घरोघर घडतो. पिंपात पेला बुडवून पाणी घेऊ नये. लांब दांड्याचे ओगराळे किंवा तोटीचे पिंप वापरावे. साठवणीची भांडी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, आतून घासून, कोरडी करावीत व घट्ट झाकावीत. भिलाईत २०१८ च्या पावसाळ्यात डेंग्यूची गंभीर साथ आली होती. त्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात आणि नुसते पाणी ओतून टाकल्याने निघत नाहीत, घासावेच लागते. गच्चीवरची टाकी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर धुवावी.

आजार झाल्यास

मुलाला जुलाब सुरू होताच जलसंजीवनी द्यावी. एक लिटरचे पाकीट असल्यास ते उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवावे आणि २४ तासांत संपवावे. उरलेले टाकून द्यावे. पाणी जड असले तरी जलसंजीवनी करण्यास अडचण नाही. अंगावरचे दूध व नेहमीचे जेवण बंद करू नये. झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्याव्यात : दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, त्यापुढील मुलांना २० मिलिग्रॅम. जुलाब थांबले म्हणून गोळ्या मध्येच थांबवू नयेत. सहा महिन्यांच्या आतील बाळाला उन्हाळ्यातही वरचे पाणी पाजू नये. आईचे दूध पुरेसे असते. (जुलाब झालेल्या बाळाला सांगितलेली जलसंजीवनी मात्र द्यावी.)

मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, काहीच पीत नसेल, शौचातून रक्त गेले किंवा सहा तास लघवी झाली नाही, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गरोदर स्त्रीचे डोळे पिवळे दिसले, तर झाडपाला किंवा गावठी उपचारांत एक दिवसही घालवू नये. त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

बोअरवेलची तपासणी

नदीच्या पाण्याची तपासणी यंत्रणा करते. खासगी बोअरवेलची जबाबदारी मालकावर असते, आणि नवीन बोअर घेताना खोली, मोटर, केसिंग यांवर हजारो रुपये खर्च करणारी कुटुंबे पाणी एकदाही तपासून घेत नाहीत. बोअरवेलच्या पाण्यात जडपणाखेरीज काय असू शकते, याचे उदाहरण फार दूर नाही : पूर्वीच्या राजनांदगाव जिल्ह्यातील, अंबागढ चौकी भागातल्या कौडीकसा गावात भूजलात आर्सेनिक आढळले आणि लोकांच्या त्वचेवर त्याची लक्षणे दिसली. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत फ्लोराइडने दात व हाडे बाधित झाली आहेत. भिलाईच्या प्रत्येक बोअरमध्ये असे काही असेल, असा याचा अर्थ नव्हे. चव, रंग व वास यांवरून ही द्रव्ये ओळखता येत नाहीत, एवढेच लक्षात घ्यावे. फ्लोराइडची मर्यादा प्रतिलिटर १ मिलिग्रॅम असून अन्य स्रोत नसल्यास १.५ पर्यंत चालते. नायट्रेटची मर्यादा ४५ असून तीत कोणतीही सूट नाही, कारण वरच्या दुधावर असलेल्या तान्ह्या बाळाचे रक्त त्यामुळे प्राणवायू नीट वाहू शकत नाही. शौचालयाचा खड्डा बोअरजवळ असेल, तर नायट्रेट व जंतू दोन्हींची तपासणी प्रथम करावी.

तपासणी लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाच्या किंवा अन्य मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत करून घ्यावी. निदान वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्यानंतर, कठीणपणा, टी.डी.एस., फ्लोराइड, नायट्रेट, लोह आणि ई. कोलाय हे जंतू तपासावेत. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय मुळीच आढळता कामा नयेत.

रासायनिक तपासणीसाठी एक लिटरची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरावी. जंतूंच्या तपासणीची बाटली प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक केलेली आणावी. ती विसळू नये, तिच्या तोंडाला व झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नये. तोटी पुसून, दोन-तीन मिनिटे पाणी वाहू देऊन बाटली भरावी आणि वर थोडी जागा मोकळी सोडावी. बाटलीवर पत्ता, पाण्याचा स्रोत, दिनांक व वेळ लिहावी. ती बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावी. म्हणून नमुना सकाळी घ्यावा आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी घेऊ नये.